सासूबाई : सध्या बंद

हेडबाईंचा पाय घोट्यात मोडला आणि त्या सहा आठवड्यांसाठी मुलाच्या घरी राहायला आल्या. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण गल्लीतला दूधवालासुद्धा त्यांना हेडबाईच म्हणे. त्यांचा मुलगा नेमका त्याच सुमारास प्रशिक्षणासाठी परगावी गेलेला. घरात दोघीच. प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून खिडकीशी बसलेल्या हेडबाई, आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून, कानाला हेडफोन लावून काम करणारी सूनबाई.

सूनबाईची कंपनी दवाखान्यांच्या आणि लॅबच्या भेटींच्या वेळा सांभाळायची. पूर्वी कंपनीच्या मागच्या खोलीत खरोखरची यंत्रं घरघरत असत. आता तसं काही उरलं नव्हतं. सर्व्हर सगळे क्लाउडवर, म्हणजे कुठल्या तरी दूरच्या इमारतीतल्या अगडबंब यंत्रांवर आखून घेतलेले कप्पे. हात लावायला काही नाही, पुसायला काही नाही. पडद्यावर एक यादी दिसायची. प्रत्येक सर्व्हरचं नाव, नावापुढे ठिपका. हिरवा म्हणजे चालू, करडा म्हणजे बंद, पिवळा म्हणजे सुरू होतोय, जरा धीर धरा. नावावर टिचकी मारली की कधीपासून चालू आहे, पत्ता काय, किती ताण आहे, असा सगळा तपशील उघडायचा.

ही यादी सूनबाईच्या ताब्यात येऊन जेमतेम महिना झाला होता. तिच्या आधीचा माणूस मधमाश्या पाळायला म्हणून नोकरी सोडून गेला होता. माणूस हुशार, पण लिहून ठेवायचा कंटाळा. त्याने सर्व्हरना नातेवाइकांची नावं ठेवली होती. ‘मोठे काका’ भेटींच्या वेळा द्यायचे. ‘आत्या’कडे सगळ्यांची जुनी माहिती. ‘जावई’ महिन्यातून एकदा अहवाल काढायचे आणि तेवढ्यासाठी बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवायचे. आणि एक होती ‘सासूबाई’. ती काय करते, हे कंपनीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला साहेबांचा फोन आला. जे सर्व्हर कामाचे नाहीत ते कमी करा, म्हणाले. सूनबाईने यादी उघडली. हेडबाई खिडकीशी शब्दकोडं सोडवत होत्या. हेडफोनमुळे साहेबांचं बोलणं त्यांना ऐकू येत नव्हतं. सूनबाईचा मात्र शब्दन् शब्द ऐकू येत होता.

“सर, मला विचाराल तर सासूबाईंना काढायला हरकत नाही.”

हेडबाईंची पेन्सिल थांबली.

“साडेतीन वर्षं झाली. काम काही नाही हो, नुसत्या बसून आहेत. दिवसाला एक टक्का, तोही कसाबसा... नाही, त्यांच्याकडे कोणी येत-जात नाही. मी बघितलं ना.”

हेडबाईंनी शब्दकोडं मिटलं.

“तसं नको सर. एकदम कायमचं काढलं की परत आणता येत नाही. आज नुसतं थांबवते. आठवडाभर कोणाची तक्रार आली नाही, तर मग कायमचं... हो, त्याआधी त्यांची डिस्क काढून ठेवते जपून. कधी लागलीच तर!”

हेडबाईंचा हात आपसूक कमरेवर गेला. त्यांच्या मणक्याच्या दोन डिस्क आधीच सरकलेल्या होत्या.

सूनबाईने पाच वाजून दहा मिनिटांनी ‘सासूबाई’ थांबवली. ठिपका करडा झाला. मग ती उठून सासूबाईंना म्हणाली, “आई, चहा टाकू?”

“नको,” हेडबाई म्हणाल्या. “उगाच माझ्यासाठी काही करू नकोस.”

सूनबाईला वाटलं, पाय ठणकत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वीसला सूनबाईचा फोन वाजला. शहरातल्या मोठ्या लॅबमधल्या ताई होत्या, आणि आवाज पार वरच्या पट्टीत.

“अहो, तुमच्या सिस्टिमला झालंय काय? उपाशीपोटी रक्त द्यायला आज सतरा जण आलेत, त्यातले चौदा खाऊन आलेत! एकाने दोन आम्लेटं हाणलीत. एक आजोबा केकचा डबा घेऊन आलेत, मलाच आग्रह करतायत!”

“उपाशी यायचं हे त्यांना वेळ घेतानाच सांगतो ना आपण?”

“सांगता हो. पण सकाळी उठल्यावर कोणाला आठवतं? रोज तुमचा फोन जातो म्हणून आठवतं. आज एकालाही गेलेला नाही.”

कुठला फोन, हे सूनबाईला कळेना. तिने यादी उघडली. ‘मोठे काका’ हिरवे. ‘आत्या’ हिरवी. सगळं घर ठणठणीत. तिने ‘काकां’चा तपशील वरपासून खालपर्यंत वाचला, ‘आत्या’चा वाचला, आणि डोक्याला हात लावून बसली.

इतक्यात हॉलमध्ये धप्प आवाज झाला. हेडबाई भिंतीला धरून तोल सावरत, कुबडीने बॅग ढकलत दाराकडे निघाल्या होत्या.

“आई! कुठे निघालात?”

“मुलीकडे. टॅक्सी बोलावलीय.” हेडबाईंनी मान ताठ केली. “आठवडाभर तक्रारीची वाट बघायची गरज नाही. माझी काही तक्रार नाही. डिस्क मात्र मी घेऊन जातेय, पाठीतच आहे.”

 कालचा फोन सूनबाईला पहिल्या शब्दापासून आठवला आणि एकेका वाक्यासरशी तिचे कान तापत गेले.

“अहो आई, नाही! ती तुम्ही नव्हे! ती... इकडे या, आधी इकडे बघा!”

तिने लॅपटॉपच उचलून दारात आणला आणि बॅगेवर ठेवला. हेडबाईंनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. तीस वर्षं हजेरीपट वाचलेली बाई ती. बोट ठेवून एकेक नाव वाचू लागली.

“मोठे काका, हजर. आत्या, हजर. जावई...” त्यांनी सुनेकडे पाहिलं. “हे काय आहे?”

“सर्व्हर आहेत आई, मशिनं. आधीच्या माणसाने अशी नावं ठेवलीत. कामाला नसलेलं एक मशीन काल बंद केलं, त्याचं नाव—”

“सासूबाई. गैरहजर.” हेडबाईंनी त्या करड्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ओठांचा कोपरा जरा हलला, पण त्यांनी तो जागेवर बसवला. “आणि तुझा चेहरा असा का झालाय? मी जाते म्हणून, का आणखी काही आहे?”

सूनबाईने लॅबचं सांगितलं.

“गोंधळ आज झाला?”

“हो.”

“आणि वर्गातून एकीला काल बाहेर काढलंस?”

“पण ती काही करतच नव्हती आई! हे बघा ना, एक टक्का काम.”

“कशाचा एक टक्का?”

“दिवसाची सरासरी आहे ती.”

“सरासरी!” हेडबाईंच्या आवाजात जुनी धार आली. “अगं, पोहता न येणाऱ्याने सरासरी खोली बघून नदीत उतरावं का? दिवसाचं नको, मिनिटामिनिटाचं दाखव.”

सूनबाईने आलेख मिनिटामिनिटावर आणला. सपाट रेघ, सपाट रेघ, आणि मधेच सुईसारखी उभी एक रेघ. मग पुन्हा सपाट. दुसऱ्या दिवशी तशीच सुई, तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी सहा ते सहा बारा. बारा मिनिटं जीव तोडून काम, बाकी दिवसभर आराम.

“अगं बाई,” सूनबाई म्हणाली.

“सुरू कर तिला.”

सूनबाईने बटण दाबलं. ठिपका पिवळा झाला. दोघी दारातच उभ्या, एक कुबडीवर आणि एक भिंतीला टेकून. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. दीड मिनिटाने ठिपका हिरवा झाला आणि हेडबाईंनी नकळत श्वास सोडला.

मिनिटभरात लॅबच्या ताईंचा पुन्हा फोन. या वेळी मागे नुसता कलकलाट.

“आता काय केलंत? सकाळचे राहिलेले फोन आत्ता येतायत, इथे बसलेल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागलेत! ‘नमस्कार, आज आपली रक्ततपासणी आहे, कृपया काही खाऊ नका.’ आजोबांच्या हातात केकचा तुकडा तसाच आहे, विचारतायत, आता काय करू?”

“संपवा म्हणावं,” फोनमधला मोठा आवाज ऐकून हेडबाई शेजारून म्हणाल्या. “आणि उद्या उपाशी या.”

ते चौदाही जण दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, मुकाट्याने, उपाशी. साहेबांनी सूनबाईला दहा मिनिटं सुनावलं आणि अकराव्या मिनिटाला, कमी करा असं आपणच म्हणालो होतो, हे कबूल केलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी सकाळी, दारातूनच, सूनबाईने आधी मधमाश्यावाल्याला फोन लावला. लॅपटॉप हातात होता म्हणून स्पीकर चालू.

“तुम्ही त्या सर्व्हरचं नाव सासूबाई का ठेवलंत हो?”

“सोपं आहे,” तो हसत म्हणाला. “रोज भल्या पहाटे उठवते आणि हे खाऊ नका, ते खाऊ नका म्हणते. डिट्टो आमच्या सासूबाई!”

“आणि तुम्ही त्यांचं ऐकत होतात का?” हेडबाईंनी विचारलं.

“आपण कोण?”

“सासूबाई.”

पलीकडे फक्त मधमाश्या ऐकू येत होत्या. मग त्याने अगदी हळू विचारलं, “चालू आहे ना?”

“चालू आहेत,” सूनबाई म्हणाली आणि फोन ठेवून भिंतीला टेकून इतकी हसली की खालीच बसली. हेडबाईंना मात्र हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसता पुसता हसू कधी थांबलं ते कळलं नाही.

“आई, मला सरळ विचारायचंत ना काल.”

“विचारलं असतं,” हेडबाई चष्म्याची काडी उघडत-मिटत म्हणाल्या. “पण तू हो म्हणाली असतीस तर? रात्रभर हिशेब मांडत होते, मी इथे नेमकं करते काय. उत्तर काही येईना.”

 पडद्यावर टक्के पाहायची सूनबाईला सवय होती, पण घरात माणूस कशासाठी असतं, हे तिने कधी शब्दांत मांडलं नव्हतं. ती उठली, खाली जाऊन टॅक्सीवाल्याची माफी मागून आली, आणि बॅग उचलून आतल्या खोलीत ठेवली.

“मला तुम्ही इथे हव्या आहात,” ती आतूनच म्हणाली. समोर येऊन म्हणायला तिला लाज वाटली.

“ऐकू आलं,” हेडबाई म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारी दोघींनी मिळून यादीतल्या एकेका सर्व्हरच्या तपशिलात, तो काय करतो आणि कोणासाठी, हे एका ओळीत लिहायला घेतलं. सूनबाई सांगायची, हेडबाई वाक्य सुधारायच्या. ‘जावई’पर्यंत पोचल्या तेव्हा चार वाजले होते, आणि ‘बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवतात’ हे त्या ओळीत लिहायचं की नाही, यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं.