मोंघीचे कोरडे धुणे

मी एक जुने धोपटणे आहे, मित्रांनो. कपडे बडवून धुण्याचे, हातभर लांब, बाभळीच्या लाकडाचे. सध्या मी एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत आहे. पिशवीचे तोंड सुतळीने आवळून बांधले आहे आणि मला दाराशेजारच्या खुंटीला टांगले आहे. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय टांगून ठेवले आहे? घरातली सून सांगते. ते सांगून झाल्याशिवाय या घरात पाहुण्याला चहा मिळत नाही.

गुजरातेतल्या थान गावच्या बाजारातल्या एका सुताराने मला घडवले. त्याने मला एरंडेल पाजले, उन्हात ठेवले, पुन्हा एरंडेल पाजले. मोंघीच्या आईने मला लेकीच्या सासरच्या सामानासाठी निवडले. तिने माझी मूठ मोंघीच्या हातात देऊन पाहिली आणि म्हणाली की पोरीचा हात लहान आहे, मूठ अजून तासा. सुतार कुरकुरला, पण त्याने तासली. त्यामुळे मी फक्त मोंघीच्याच हातात नीट बसायचे. दुसऱ्या कुणी उचलले की मनगटात वळायचे.

पितळी हंडे, गोधड्या आणि मी, असे आम्ही मोंघीबरोबर सासरी आलो. तिचा नवरा वशराम छपरे घालायचा. थानपासून मोरबीपर्यंत तेव्हा कौलांचे आणि चिनी मातीच्या भांड्यांचे कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येक कारखान्याला लांबच लांब सिमेंटच्या पत्र्यांचे छप्पर लागत होते. त्या पत्र्यांत सिमेंटबरोबर अ‍ॅस्बेस्टॉस नावाचा दगडाचा तंतू असतो. तो जळत नाही, कुजत नाही. म्हणून पत्रे स्वस्त आणि टिकाऊ होतात. वशराम उंचावर बसून ते करवतीने कापायचा. पुढे फिरत्या चाकाचे यंत्र आले आणि काम भराभर होऊ लागले. धूळही भराभर उडू लागली. वशराम तोंडाला गमछा बांधायचा. संध्याकाळी तो गमछाही घरी यायचा.

घरी येताना वशरामच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. शेजारची वालीबेन अंगणातूनच टोमणा मारायची.

"मोंघी, तुझा नवरा कामावरून येतो की गिरणीतून पीठ चोरून पळून येतो? दिवाळीला चुना कशाला आणतेस? ह्यालाच भिंतीला घासून घे."

मोंघी हसायची. वशरामही हसायचा आणि डोके झटकायचा. ती पांढरी पूड उन्हात चमकायची. फार सुंदर दिसायची, मित्रांनो.

आमच्या झालावाडात पाणी कमी. टँकर यायचा, तोही लहर लागेल तेव्हा. माणसाला प्यायला, म्हशीला पाजायला आणि मग उरले तर धुण्याला, असा इकडचा क्रम. म्हणून इकडच्या बायका मळके कपडे आधी कोरडेच बडवतात. धूळ निघून गेली की तांब्याभर पाण्यात सदरा स्वच्छ होतो. ही कला आई लेकीला शिकवते आणि सासू सुनेची तिच्यावरून पारख करते. मोंघी या कामात गावात पहिली होती. अंगणातल्या सपाट दगडावर ती वशरामचा सदरा पसरायची, मला उचलायची आणि तालात बडवायची. पुढे, मागे, बाह्या, कॉलर. धुळीचा ढग उठायचा, तिच्या तोंडावरून जायचा आणि हळूहळू खाली बसायचा. शेजारी कडुलिंबाला टांगलेल्या झोळीत तिचा तान्हा लाभू निजलेला असायचा. माझ्या आवाजावर तो छान झोपायचा.

तिची सासू गावभर सांगायची की माझी सून तांब्याभर पाण्यात घरादाराचे धुणे करते. कुणी कौतुक केले की मोंघी म्हणायची, "पाणी देव देतो, धूळ शेठ देतो. देवाचं जपून वापरावं, शेठचं झटकून टाकावं."

माझेही कौतुक व्हायचे. मला वर्षातून एकदा तेल मिळायचे. पण तोवर माझ्या लाकडाला बारीक भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांत करड्या रंगाचे काहीतरी जाऊन बसले होते. तेल लावताना मोंघी ते नखाने काढू पाही. ते निघत नसे.

वर्षे गेली. नर्मदेचे पाणी नळाने गावात आले. धुणे नळाखाली होऊ लागले आणि माझे काम संपले. मला खाटेच्या मोडक्या पायाखाली ठेवले. वशरामने उंचावर चढणे सोडले आणि दोन म्हशी घेतल्या. लाभू मोठा झाला. धूळ सगळे विसरले. खाटेखाली पडल्या पडल्या मलाही वाटले की ती गेली. जी गोष्ट दिसत नाही ती गेली, असे आपल्याला वाटतेच.

मग मोंघीला दम लागू लागला. आधी पाण्याची कळशी उचलताना, मग रोटला थापताना, मग नुसते बोलताना. उजव्या कुशीत दुखायचे. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात क्षय समजून गोळ्या दिल्या. थुंकीत काही सापडले नव्हते, पण गोळ्या चालू राहिल्या. छातीत पाणी झाले होते ते सुईने काढले. पाणी पुन्हा भरले. पुन्हा काढले. ती वाळत चालली आणि पाणी भरत चालले. शेवटी लाभू आई-बापांना घेऊन अहमदाबादच्या मोठ्या इस्पितळात गेला.

तिथे काय झाले ते मी पाहिले नाही. वशरामने परत आल्यावर वालीबेनला अंगणात सांगितले, ते मी खाटेखालून ऐकले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासला. तो कर्करोग होता. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो तोवर कुणी विचारला नव्हता. घरात कुणी सिमेंटच्या पत्र्यांचे काम केले आहे का?

वशराम म्हणाला की मी केले आहे, पण मी धडधाकट आहे.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "तुमचे कपडे कोण धुवायचं?"

उत्तर वालीबेनलाही ठाऊक होते.

त्या रोगावर काय काय करता येते तेही डॉक्टरीणबाईंनी नीट समजावले होते. रोग लवकर कळला आणि शरीरात बळ असले तर काही जणांची शस्त्रक्रिया करतात. मोंघीची ती वेळ निघून गेली होती. शिरेतून औषध देता येते. त्याने रोग मुळापासून जात नाही, पण मागे हटतो, महिने मिळतात. शरीराची स्वतःची ताकद जागी करणारे नवे औषधही आहे. ते महाग असते, पण सरकारी योजनेत बसते का ते विचारून पाहावे. पाणी पुन्हा भरू नये म्हणून छातीत एक प्रकारची पूड घालतात, नाहीतर बारीक नळी ठेवतात, म्हणजे घरच्या घरी पाणी काढता येते. आणि दम व दुखणे कमी करणारे वेगळे डॉक्टर असतात. त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून जावे. सोसत राहण्यात काही मोठेपणा नाही.

खाटेवर पडलेली मोंघी हे ऐकत होती. ती म्हणाली, "पूड नको हं, लाभूचे बापू. पुडीनंच केलं आणि आता पूडच घालणार?"

ती हसली आणि खोकली. वशराम हसला नाही.

तिने नळी ठेवून घेतली आणि शिरेतले औषधही घेतले. त्या औषधाने तिला एक पूर्ण हिवाळा दिला. त्या हिवाळ्यात ती चुलीपाशी बसली, तिने स्वतःच्या हाताने बाजरीचे रोटले केले आणि लाभूचे लग्न दया नावाच्या मुलीशी ठरवले. मुलीला पाहून आल्यावर ती म्हणाली की पोरीचे हात मोठे आहेत, घर उचलेल.

एके दिवशी वशरामने मला खाटेखालून ओढून काढले आणि चुलीकडे नेले.

"ठेवा ते," मोंघी म्हणाली. तिला एका दमात एवढेच बोलता आले. मग दम घेऊन म्हणाली, "जाळलं की विसराल. खुंटीला टांगा. सून आली की मी तिला दाखवीन."

वशरामने मला खुंटीला टांगले.

सून येईपर्यंत मोंघी राहिली नाही. उन्हाळ्यात ती गेली. शेवटचे दिवस इस्पितळातून दिलेल्या औषधामुळे दुखण्यावाचून गेले, एवढे मात्र झाले. वर्षश्राद्ध झाले आणि दया घरात आली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. सून सासऱ्यासमोर पदर हनुवटीपर्यंत ओढते आणि त्याच्याशी बोलत नाही. सासराही सुनेशी सरळ बोलत नाही. काही सांगायचे तर सासूकरवी. या घरात सासूच नव्हती. त्यामुळे खुंटीला काय टांगले आहे ते दयाला कुणी सांगितले नाही. वशरामला वाटले, लाभू सांगेल. लाभूला तो विषयच नको होता, कारण त्याने बापाचेच काम धरले होते. वादळात फुटलेले जुने पत्रे उतरवायचे, फोडायचे, ट्रकमध्ये भरायचे. जुना पत्रा फुटला की जास्तच धूळ सोडतो.

वशरामने त्याला खूप सांगितले. पत्रा भिजवून घे, फोडू नकोस, नाकाला नुसता गमछा बांधू नकोस, चांगला मास्क माग, कपडे कामावरच बदल.

लाभू म्हणाला, "बापू, तुम्ही जन्मभर केलंत. तुम्हाला काय झालं?"

वशरामला काही झाले नव्हते. हेच तर त्याचे दुःख होते.

त्या वर्षी उन्हाळ्यात नळाचे पाणी तुटले. पुन्हा टँकर आला, पुन्हा हंडे मोजूनमापून. दयाही याच झालावाडातली. तिला तिच्या आईने हीच कला शिकवली होती. सकाळी तिने लाभूचा सदरा दगडावर पसरला, इकडेतिकडे पाहिले आणि मला खुंटीवरून काढले. तिच्या मोठ्या हातात मी नीट बसेना, मनगटात वळू लागले. तरी तिने मला उचलले आणि पहिला घाव घातला. ढग उठला. उन्हात चमकला. मी तो ओळखला.

वशराम खाटेवर बशीतून चहा पीत होता. त्याने बशी ठेवली आणि तो उठून दगडाकडे आला. दयाने घाईने पदर ओढला आणि पाठ वळवली. मी तिच्या हातातच होते. वशराम दोन हात अंतरावर थांबला. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो माझ्याशी बोलू लागला.

"धोपटण्या," तो म्हणाला, "ज्या हातात तू आहेस, त्या हाताला सांग. तुझी पहिली मालकीण असंच कोरडं बडवायची. माझे कपडे. गावात तिच्यासारखी कुणी नव्हती. ती धूळ तिच्या छातीत गेली आणि लेक लग्नाचा होईपर्यंत गप्प बसून राहिली. जन्मभर तिनं पाणी वाचवलं. वाचवलेलं सगळं पाणी शेवटी तिच्या छातीत भरलं."

मग त्याने ओट्यावरचा पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलला आणि सगळाच्या सगळा त्या सदऱ्यावर ओतला. दगडावरून करडे पाणी वाहत गेले. गोठ्यात म्हशीने मान वळवून पाहिले.

मग पदराच्या आतून, मागे न वळता, दयाही माझ्याशीच बोलली.

"धोपटण्या, बापूजींना सांग. आजपासून हे कपडे ह्या घरात येणार नाहीत. आणि ज्याला ते अंगावर आवडत असतील, त्यानं म्हशीपाशी झोपावं. म्हशीची हरकत नसेल तर."

संध्याकाळी लाभू आला तेव्हा फाटकातच पाण्याची बादली होती आणि बादलीपाशी दया उभी होती. शेजारून वालीबेन म्हणाली की अंघोळ करून घे रे नवरदेवा, दुसरा मुहूर्त नाही. लाभू थोडा चिडला, थोडा हसला. मग त्याने सदरा बादलीत बुडवला. पुढे त्याने ठेकेदाराकडे मास्क आणि भिजवायला पाणी मागितले, कामावरच कपडे बदलायला जागा मागितली. ती अजून मिळालेली नाही. त्याचे मागणे चालू आहे.

मला दयाने ओल्या फडक्याने पुसले, या पिशवीत घातले आणि खुंटीला टांगले. आता पाहुण्यांना माझी गोष्ट तीच सांगते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी पत्रे कापत असेल, जुनी छपरे फोडत असेल, भिंती पाडत असेल, तर त्याला भिजवायला सांगा आणि धुळीचे कपडे बाहेर ठेवायला सांगा. घरात कुणाला दम लागत असेल तर डॉक्टरांना, त्यांनी विचारले नाही तरी, सांगा की घरात कोणते काम होत होते आणि कपडे कोण धुवत होते. माझ्या भेगांत ते करडे अजून आहे. ते कुजत नाही. म्हणून ही पिशवी कधी सोडू नका.

कडुलिंबाचे झाड अजून अंगणात आहे. झोळीची दोरी बांधून फांदीवर पडलेली खूणही आहे. कधी घरात लाभू खोकतो. साधाच खोकला असतो, बिडीचा, नाहीतर थंडीचा. पण वशराम बोलता बोलता थांबतो आणि दुसरा खोकला येतो का, ते ऐकत राहतो.