घोटा चाचपला का?

डॉक्टरांना लोक देवमाणूस म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते थोडंफार पटायला लागलं होतं. बावीस वर्षांत हजारावर गुडघे बदलले, एकही पाय वाकडा बसला नाही. त्यात अर्धा वाटा मोठ्या सिस्टरांचा होता, हे मात्र त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. सिस्टर शेजारी उभ्या राहून हत्यारं देत आणि नडगीचं हाड कापण्याआधी दरवेळी विचारत, "सर, घोटा चाचपला का?" डॉक्टर वैतागत, "अहो, किती वेळा तेच ते!" पण चाचपत.

त्याच सिस्टर आज टेबलावर होत्या. उभं राहून राहून त्यांचाच गुडघा कामातून गेला होता. कंबरेखाली बधिर केलेलं, छातीशी हिरवा पडदा, आणि पलीकडे बाई टक्क जाग्या! झोपेचं इंजेक्शन त्यांनी साफ नाकारलं होतं.

"माझ्या पायाचं काय करता ते ऐकायचंय मला," त्यांनी बजावलं होतं. "आणि चार महिन्यांनी मी परत इथं उभी राहणार. घरी बसवलंत तर भिंतींशी बोलत बसेन, सांगून ठेवते."

डॉक्टरांनी समोरून छेद घेतला, वाटीच्या आतल्या कडेनं शिरले, वाटी बाजूला सारली. मग नडगीवर मापाची दांडी लावली. तिचा खालचा चिमटा घोट्याच्या बरोबर मध्यावर बसायला हवा. दांडी सरळ तर काप सरळ, आणि काप सरळ तर पाय सरळ.

"सर, घोटा चाचपला का?" पडद्यापलीकडून आवाज आला.

आज मदतीला आलेली नवी सिस्टर खुदकन हसली. तिथंच डॉक्टरांचं डोकं फिरलं. आता पेशंटनं आपल्याला शिकवायचं?

"चाचपला हो, चाचपला! आज तरी गप्प पडा की," ते म्हणाले आणि त्यांनी करवत चालवली.

कसला चाचपतोय! हातसुद्धा लावला नव्हता.

कापलेला तुकडा हातात आला तेव्हाच चूक त्यांच्या लक्षात आली. आतली बाजू जाड, बाहेरची पातळ. तपासणीची सळई सोडून पाहिली, तर ती घोट्याच्या मध्यावर न पडता चांगली दीड बोट बाहेर. त्यांनी कापडावरून बोटं फिरवली. पायाला गुंडाळलेल्या पट्टीची जाडजूड गाठ घोट्याच्या बाहेरच्या अंगाला होती आणि तिनं चिमटा ढकलला होता. मोठ्या सिस्टर ती गाठ कायम तळव्याखाली मारत. नवीला कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी सळई खणकन ट्रेमध्ये टाकली.

"किती?" सिस्टरांनी विचारलं.

"काही नाही, आपलं जरा..."

"सर, बावीस वर्षं ऐकतेय मी तुम्हाला. किती?"

"चार अंश वाकडं." ते पडद्याजवळ सरकले. "सिस्टर, मी खोटं बोललो. मी चाचपलाच नव्हता."



"मग परत कापा," त्या म्हणाल्या. "आधी घोटा चाचपा."

त्यांनी चाचपला. एकदा, दोनदा, तीनदा. आता चाचपून काय उपयोग होता? खाली उतरून कापायचं म्हणजे खालचं हाड भुसभुशीत, पाच-पाच तास उभं राहण्याचा भार ते पेलणार नाही. घरातल्या घरात चालण्यापुरता गुडघा होईल, बस्स. हे डॉक्टरांना माहीत होतं, आणि मेलं दुर्दैव असं की सिस्टरांनाही माहीत होतं. करवत पुन्हा फिरली. सळई या वेळी मध्यावर पडली, पण दोन हाडांमधली फट भलतीच मोठी झाली होती.

"फटीत बसवायला सोळा मिलिमीटरचं प्लास्टिक दे," डॉक्टर हळूच नव्या सिस्टरला म्हणाले. तेवढ्या जाडीचं त्यांना आजवर कधी लागलंच नव्हतं.

नवी कपाटाशी गेली. खालचे डबे झाले, मधले झाले. "सर, नाहीये हो इथं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"अगं, सगळ्यात वरच्या फळीवर बघ, डावीकडे, पार मागं," पडद्यापलीकडून सिस्टर म्हणाल्या. "कुणासाठी उघडायची पाळी येऊ नये म्हणून मीच ढकलून ठेवलाय तो डबा."