गाडीखालचं रक्त

दादाच्या गाडीला रक्त येतंय, ही बातमी तीन गल्ल्या ओलांडून गेली तेव्हा आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पोरं तर पोरं, चांगले शिकलेसवरलेले लोक कुंपणावर चढून बसले होते. गाडीखाली पांढरी चादर अंथरली होती आणि तिच्यावर लालभडक डाग. बाजूला, आमच्याच घरातल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीवर, मठातले बाबा बसले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. असल्यांना बोलवावं लागत नाही, घरात माणूस गेला की ते आपोआप येतात.

"माणूस गेला, पण मन गाडीत अडकलं!" बाबा गरजले. "इंजिन म्हणजे काळीज. सुरू करा!"

शेजारच्या काकांनी गाडी सुरू केली. दहा मिनिटं ती नुसती घुरघुरत राहिली. मग बाबांनी हात वर केला. "आता बंद. आत्म्याला बोलू द्या."

सगळे वाकून बघत राहिले. थोड्या वेळाने चादरीवर एक लाल थेंब पडला, मग दुसरा. आई मटकन खाली बसली. "काय म्हणतोय हो माझा मुलगा?"

"म्हणतोय, माझा घात घरातच झाला." बाबांचे डोळे मिटलेले होते, बोट मात्र बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेलं. तिथे वहिनी उभी होती. "ही बाई आज संध्याकाळच्या आत घराबाहेर आणि गाडी माझ्या मठात. मगच रक्त थांबेल."

वा रे आत्मा! पंधरा दिवसांपूर्वी दादा हृदय बंद पडून गेला, डॉक्टरांचा कागद कपाटात आहे, आणि त्याच्या आत्म्याला मठाचा पत्ता तोंडपाठ! पण आई उठली आणि वहिनीची बॅग शोधायला आत गेली. तेव्हा माझं डोकं सणकलं.

मी दादाची बहीण. पंचेचाळिशी उलटली तरी या घरात छोटीच. राहते दुसऱ्या गावी, तिथे रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काम करते. पर्समधली काचपट्टी काढून मी दोन थेंब घेतले.

"हात लावू नकोस, भोवेल!" काका ओरडले.

"रोज शंभर जणांच्या रक्ताला हात लावते, अजून काही भोवलं नाही. माणसाचं रक्त काचेवर दहा मिनिटांत गोठतं. थांबा अर्धा तास."

अर्ध्या तासाने पट्टी तिरकी केली, थेंब सुळकन ओघळला. दुसरा थेंब पाण्याच्या ग्लासात टाकला, तर तो वर तरंगत राहिला. "रक्त पाण्यात मिसळतं. हे तेल आहे."

लोक कुजबुजले. बाबा मात्र गालात हसले. "आत्म्याचं रक्त तुमच्या ग्लासात मावत नसतं, ताई."

संपलं! माना डोलल्या. बावीस वर्षांची माझी नोकरी एका वाक्यात पाण्यात गेली.

तेवढ्यात वहिनी अंगणात आली. हातात अर्धा भरलेला डबा होता. तिने त्यातलं थोडं चादरीवर ओतलं, जुन्या डागाच्या शेजारी. "सांगा, आत्म्याचं कोणतं आणि डब्यातलं कोणतं?"

कोणालाच सांगता येईना. बाबांनाही.

"ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल आहे हे. नवं असतं तेव्हा लालच दिसतं. त्या शुक्रवारी ह्यांनी इथेच, घरी बदललं. हे गाडीखाली झोपले होते आणि टॉर्च मी धरला होता. तळाची ताटली काढताना तिच्या कडेची फट बंद करणारं पॅकिंग फाटलं. म्हणाले, आत्ता हेच लावतो, नवं आलं की सोमवारी बदलू." तिने डब्याचं झाकण लावलं. "रविवारी गेले."

मग ती बाबांकडे वळली. "गाडी चालू असताना हे तेल वर फिरत असतं. बंद केली की तळात उतरतं आणि फटीतून गळतं. म्हणून तुम्ही आधी चालू करायला लावता, मग बंद. हे आत्म्याने शिकवलं की गॅरेजमध्ये शिकलात?"

बाबा चपला शोधू लागले. गर्दीलाही एकदम घरची कामं आठवली. माफी मागायला मात्र एक जण थांबला नाही.

सोमवारी आलेलं नवं पॅकिंग दादाच्या खणात तसंच पडलं होतं. वहिनी स्वतः गाडीखाली शिरली, या वेळी टॉर्च मी धरला. डब्यातलं तेल मापून भरलं. धुतलेली चादर रात्री पुन्हा गाडीखाली अंथरली, सकाळी ती पांढरीच्या पांढरी होती.

"राहा गं पोरी," आई म्हणाली.

"आई, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी, तेल आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, नवरा गिळला आणि वर तोंड करून बोलतेस." वहिनीने बॅग गाडीत ठेवली. "आणि छोटी, तुलाही फोन केला होता."

हो, केला होता. मी म्हणाले होते, आईचं मन राख, चार दिवसांत लोक विसरतील. रक्त ओळखणारी मी, बघायलासुद्धा आले नव्हते.

वहिनी गाडी घेऊन गेली ती परत आली नाही. अंगण कोरडं आहे.

चमत्कार दिसला तर थेंब पाण्यात टाकून बघा, हे तर मी सांगतेच. पण त्याच्याही आधी, टॉर्च कोणी धरला होता ते विचारा, आणि तिचं ऐका.