बिटाला टाकी

आमच्या लालबागच्या चाळीच्या भिंती ज्याने बांधल्या ना, त्याला कुणीतरी सांगितलं असणार की उद्या तोफा येणार आहेत. दीड फूट जाड. लाल वीट, मध्ये चुना, वर परत चुना. खिळा ठोकला तर खिळा वाकून तुमच्याकडेच बघतो.

आणि माझा धंदा भिंतीला भोकं पाडायचा. पडद्याचा रॉड म्हणू नका, टीव्ही म्हणू नका, गिझर म्हणू नका, शिवाजी पार्कपासून भायखळ्यापर्यंत मी हॅमर मशीन घेऊन फिरतो. बारशाला नाव ठेवलं दगडू, पण फोनमध्ये निम्म्या मुंबईने मला 'भोकवाला' म्हणून सेव्ह केलंय. एवढी भोकं पाडली, पण स्वतःच्या खोलीत एक पाडायचं म्हटलं आणि सगळी चाळ गॅलरीत उभी राहून बघायला लागली.

झालं काय, आमची मालन मालवणी मसाला करून विकते. बायको म्हणून सांगत नाही, पण तिचा मसाला एकदा खाल्लेला माणूस दहिसरला राहायला गेला तरी मसाल्याला लालबागलाच येतो. आता मसाला म्हणजे मिरची भाजणं आलं. मिरची भाजली की धूर आला. मालनने तवा ठेवला की पहिल्या मजल्यावरचे शिंकतात, तिसऱ्या मजल्यावरचे खोकतात, आणि मधले आम्हाला शिव्या देतात.

त्यात आमच्या चाळीचा सेक्रेटरी दत्ताराम. हा माणूस धुरावर सगळ्यात जास्त ओरडणार आणि मसाला झाला की पहिला अर्धा किलो हाच घेऊन जाणार. वर त्याचा एक तोरा आहे. चिमूटभर मसाला जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "बेडगी दोन भाग, लवंगी एक." बरोबर की चूक कोण बघतंय? लोक मान डोलावतात.

तर त्याने मालनला सांगून टाकलं, "वहिनी, एक्झॉस्ट पंखा लावा. रविवारी जेवणाच्या वेळेपर्यंत काय ठोकायचं ते ठोका. नंतर चाळ झोपते. तोवर पंख्याचं भोक झालं नाही, तर ह्या वर्षी खोलीत मिरची भाजायची बंद. मीटिंगमध्ये ठरलंय."

मीटिंगमध्ये ठरलंय म्हणजे त्याने आणि त्याच्या मेहुण्याने ठरवलंय.

इकडे मिरच्यांची पोती खाटेखाली येऊन पडलेली. सगळ्या ऑर्डरी घेऊन झालेल्या. मालन मला म्हणाली, "अहो, जगाच्या भिंती फोडता, आपली एक फोडा."

मी म्हटलं, "त्यात काय आहे?"

हेच माझं चुकलं. भिंतीसमोर असं बोलायचं नसतं.

रविवारी सकाळी चहा पिऊन बसलो. मदतीला मालनचा भाऊ स्वप्नील, प्लंबर आहे. मालनने खाली जुनी पांढरी चादर पसरली, मी ताट भिंतीला लावून पेन्सिलीने गोल काढला. काम सोपं असतं. गोलावर जवळजवळ भोकं पाडत जायचं, मग छिन्नीने मधला गोळा बाहेर ढकलायचा. लांब बिट लावलं, मशीन सुरू केलं. गुर्रर्र. वीतभर गेलं आणि बिट ओरडायला लागलं. वास सुटला. ओढून बाहेर काढलं तर बिट तापून निळं पडलेलं.

आता बिट कधी नीट बघितलंय का तुम्ही? त्याला जिन्यासारखा पीळ असतो आणि पिळात खाच असते. टोक वीट फोडतं, आणि फुटलेली भुकटी त्या खाचेतून फिरत फिरत बाहेर यायला पाहिजे. भुकटी बाहेर आली तर बिट पुढे जातं. नाही आली तर ती आतच दबून बसते, आणि बिट आपलं जागच्या जागी गरगर फिरतं, आपल्या सेक्रेटरीसारखं. नव्या टॉवरच्या भिंतीत हा त्रास नाही, भिंत संपतेच लवकर. पण आमच्या चाळीचा चुना म्हणजे पावडर. खाचा गच्च भरत होत्या. मी बिट बाहेर काढायचो, आपटायचो, परत घालायचो. चार बोटं पुढे, की परत गच्च.

स्वप्नील म्हणाला, "भाओजी, फुंकर मारा."

मारली. सगळी भुकटी माझ्या डोळ्यात. मालनने पदराचं टोक ओलं करून डोळा पुसला आणि म्हणाली, "भोक भिंतीला पाडायचंय, डोळ्याला नाही."

हा सगळा तमाशा शेजारचे तात्या गॅलरीतून बघत होते. तात्या गिरणीत फिटर होते. गिरणी गेली, पण तात्यांची फिटरकी गेली नाही, चाळीतला नळ वाजला तरी ते सल्ला देतात. त्या वेळी नेमकी त्यांनी कवळी धुवायला काढलेली. मशीनच्या आवाजात ते तिथूनच ओरडले, "अरे मेल्या, टाकी लाव! बिटाक टाकी लाव!"

मी मशीन थांबवलं. "काय म्हणतात?"

स्वप्नीलचे डोळे चमकले. "टाकी! बरोबर आहे भाओजी! ग्रॅनाइट कापताना पाणी सोडतात की नाही? तसं! पाण्याने भुकटी वाहून बाहेर येणार. बिट पण थंड राहणार. तात्या म्हणजे काय डोकं आहे!"

आता प्लंबरला टाकी म्हटलं की दुसरं काय सुचणार? आणि मला तरी काय सुचत होतं? एक डोळा लाल, हात भरून आलेले. मी म्हटलं, "लाव."

गडी कामाला लागला. मोरीवरच्या फळीवर पाण्याचा कॅन चढवला, त्याला लेव्हल पाइप जोडला, पाइपचं तोंड भोकावर आणून चिकटपट्टीने चिकटवलं. मालन मेन स्विचवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "एक जरी ठिणगी दिसली तर दोघांनाही अंधारात बसवीन. आणि जेवायला पण अंधारातच."

मशीन सुरू केलं, पाणी सोडलं. आणि सांगतो, सुरुवातीला काय सुंदर! भोकातून लाल रस्सा वाहायला लागला. अगदी बांगड्याच्या तिखल्यासारखा. स्वप्नील नाचायलाच लागला. "बघा भाओजी, आता धडाधड!"

धडाधड तीन बोटं गेलं. मग मशीनने एक उचकी दिली आणि बंद.

मी उलटं फिरवून बघितलं. नाही. ओढून बघितलं. नाही. स्वप्नीलने पाइपपाना लावला, दोघांनी भिंतीला पाय लावून ओढलं. मशीन सुटून आमच्या अंगावर आलं, बिट भिंतीतच. वीतभर बाहेर, बाकी आत. हलेल तर शपथ.

मालनने वाहिलेला लगदा बोटाने चोळून बघितला. म्हणाली, "अहो, विटेची भुकटी, चुना आणि पाणी. हा तर गारा झाला. भिंत फोडायला बसलात आणि बांधून मोकळे झालात."

एवढ्यात तात्या कवळी बसवून दारात आले. भिंतीतलं बिट बघितलं, फळीवरचा कॅन बघितला, पाइप बघितला. "ह्या काय?"

स्वप्नील अभिमानाने म्हणाला, "टाकी! तुम्हीच सांगितलीत ना?"

तात्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग दाराची चौकट धरून एवढे हसले की कवळी परत हातात काढून घ्यावी लागली. "अरे पाण्याची टाकी न्हय रे शिंच्यांनो! जात्याक लावतत ती टाकी!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. टाकीवाला! लहानपणी चाळीत यायचा, "पाट्याला टाकीSS, जात्याला टाकीSS" ओरडत. जातं झिजून गुळगुळीत झालं की छिन्नीने ठक ठक करून त्याच्या खाचा परत कोरून द्यायचा. स्वप्नीलने मिक्सरशिवाय काही बघितलेलंच नाही, त्याचा काय दोष? पण मी तर त्या टाकीवाल्याच्या मागे पळालेला माणूस.

तात्या म्हणाले, "चल, दाखवतंय."

त्यांच्या खाटेखाली जातं आहे. सगळ्या चाळीत तेवढं एकच, लग्न निघालं की हळद दळायला ते लग्नघरी नेतात. नलूकाकी, म्हणजे तात्यांची बायको, त्या जात्याची मालकीण. आम्ही जातं ओढायला वाकलो तशी ती कडाडली, "आंघोळ न करता जात्याला हात लावू नका! आणि लग्न कुणाचं आहे?"

तात्या म्हणाले, "दगडूच्या बिटाचा."

काकीने ऐकलं नाही. जातं बाहेर आलंय म्हटल्यावर त्याला हळदकुंकू लावल्याशिवाय तिला राहवेना. जात्याला लावलं, आणि मी मशीन हातात घेऊन उभा होतो तर जाता जाता मशीनलाही लावलं.

तात्यांनी जात्याचा वरचा दगड उलटा केला. "बघ. खाच मधी कशी हा? बारीक. आणि कडेक?"

कडेला रुंद. मधून निघालेली खाच कडेकडे जाता जाता रुंद आणि खोल होत गेलेली. दाणा मध्ये पडतो, पीठ होतं, आणि पुढची वाट मोठी होत जाते म्हणून पीठ कुठे अडत नाही. कडेने आपोआप सांडतं. आणि माझ्या बिटाची खाच? टोकापासून बुडापर्यंत सारखीच. भुकटी जेवढी मागे यायची तेवढी दाटत जायची.

 मी ग्राइंडर काढला, पातळ चकती लावली आणि गॅलरीत बसून दुसऱ्या लांब बिटाला टाकी लावायला घेतली. टोकाशी हात लावला नाही. तिथून मागे मागे खाच थोडी थोडी रुंद करत आणली. फार कोरलं तर बिट मोडणार, म्हणून तात्या डोक्यावर उभे: "पुरे... पुरे... अरे पुरे म्हणतंय ना!" एका ठिकाणी जास्त गेलंच. तात्यांनी कपाळाला हात लावला. स्वप्नील ठिणग्या उडताना बघत होता, कॅन मांडीवर घेऊन.

इकडे सगळ्या खोल्यांतून फोडणीचे वास यायला लागले होते. म्हणजे जेवणाची वेळ आली.  मालनने खाटेखालची मिरचीची पोती पायाने थोडी आणखी आत सरकवली.

तिने ओली चादर काढून कोरडी घातली. मी बिट लावलं, अडकलेल्या बिटाच्या बाजूला टोक ठेवलं आणि दाबलं.

भोकातून भुकटीची धार लागली. कोरडी, बारीक, लालभडक. बिट ओरडलं नाही, तापलं नाही, आत जात राहिलं. थोडं थरथरत होतं, जिथे जास्त कोरलं होतं तिथे, पण जात होतं. पलीकडे टोक निघालं तेव्हा स्वप्नीलने शिट्टी मारली. दुसरं भोक, तिसरं. खाली चादरीवर लाल ढीग उभा राहिला. अर्धा गोल झाला.

आणि दारात दत्ताराम.

"बंद करा! वेळ झाली! सांगितलं होतं ना, जेवणाच्या वेळेपर्यंत... " बोलता बोलता त्याची नजर खाली गेली. पांढरी चादर. लाल ढीग. लालबागचा माणूस, त्यात मसाल्याचा दर्दी. त्याचा हात आपोआप खाली गेला. चिमूट उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले.



"हं," दत्ताराम म्हणाला. "दळलंय मस्त. पण वहिनी, या खेपेला बेडगी जास्त पडली. तिखट येत नाही. आणि मीठ घातलंत का आधीच? जरा खारट लागतंय."

मालन शांतपणे म्हणाली, "भिंत आहे ती, भाओजी."

दत्तारामने डोळे उघडले. ढीग बघितला. भिंत बघितली. बिट बघितलं. तोंड उघडं, जीभ लाल. स्वप्नीलने चटकन कॅन पुढे केला, "पाणी घ्या. टाकी आहे."

तो चुळा भरत असताना मालन दारात जाऊन उभी राहिली. गॅलरीत बायका जमलेल्याच होत्या. मालन मान वळवून म्हणाली, "बाहेर विचारतायत सेक्रेटरी काय म्हणाले. काय सांगू?"

दत्तारामने रुमालाने जीभ पुसली. "सांगा... सांगा, संध्याकाळपर्यंत परवानगी दिली."

"आणि बेडगीचं?"

"वहिनी, हात जोडतो."

उरलेला गोल चहाच्या आत संपला. छिन्नीने मधला गोळा सुटा करून ओढला, तो अख्खा खोलीत आला, अडकलेल्या बिटासकट. काडीला धरून उचलला तर चिकन लॉलीपॉप. स्वप्नील म्हणाला, "तात्या, हे तुम्हाला." तात्यांनी तो खरंच ठेवून घेतलाय, दाराला टेकू म्हणून.

पंखा बसवला. मालनने तवा ठेवला, मूठभर मिरच्या टाकल्या. सगळी चाळ नाकाला रुमाल लावून तयार. पंखा फिरला, धूर वळला आणि सरळ भोकातून बाहेर. आत कुणी शिंकलं नाही. नलूकाकीने तर मुद्दाम जवळ जाऊन वास घेऊन बघितला.

मग पलीकडून, समोरच्या चाळीतून, एक शिंक. मग तीन-चार. मग खिडक्या उघडल्याचे आवाज. कुणीतरी ओरडलं, "कोण रे मिरच्या भाजतंय?"

मालनचा चेहरा उतरला. पण दत्ताराम पुढे झाला. काही म्हणा, आपल्या चाळीची बाजू घ्यायची वेळ आली की तो मागे राहत नाही. खिडकीला तोंड लावून म्हणाला, "मिरच्या नाहीत! भिंत फोडतोय! भिंतीची भुकटी आहे ती!"

पलीकडून आवाज आला, "काय वेड लागलंय? भिंत कधी तिखट असते?"

दत्तारामचा हात आपोआप जिभेकडे गेला. 

तात्यांनी त्याला हळूच बाजूला केलं आणि खिडकीतून ओरडले, "नसता रे बाबा, तिखट नसता! आमच्या सेक्रेटरीन चाखून बघितल्यान!"