किड्यांचा वाटा

कापसाच्या बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कापसाच्या बियांची एक छोटी पिशवी फुकट यायची आणि ती बांधावर फेकून द्यायची, अशी त्या गावाची रीतच पडली होती. ज्याचं पीकच किडे मारतं असं महागडं बियाणं घ्यायचं आणि वर किड्यांनाच जेवायला कडेनं चार ओळी लावायच्या, हे कोणाच्या डोक्यात शिरत नव्हतं.

थोरल्या सुनेनं घरात परोपरीनं सांगितलं. या पिकानं मरणारी कीडही थोडी जगली पाहिजे. नाहीतर हे पीक पचवणारी तेवढी उरते, आपसातच जोडी जमवते आणि तिची पिल्लंही तशीच निघतात. सासरे आणि धाकटा दीर ऐकून घ्यायचे, हसायचे, आणि पिशवी बांधावर जायची. तिच्या जिवाचा नुसता संताप व्हायचा.

व्हायचं तेच झालं. बोंडं आतून पोखरली गेली. दीर पाठीवर पंप घेऊन फवारत सुटला. एक औषध लागू पडेना म्हणून त्यानं दोन एकत्र केली आणि भर दुपारी शेतातच कोसळला. जिवावरचं डोळ्यांवर निभावलं. आता तो माणसं आवाजावरून ओळखतो.

"बियाणंच खोटं निघालं," सासरे म्हणाले.

"बियाणं खरं होतं, बाबा. आपल्यालाच सगळं हवं होतं."

पुढच्या हंगामात तिनं कोणाला विचारलं नाही. शेताच्या कडेनं साध्या कापसाच्या ओळी स्वतः लावल्या. एकट्या घराच्या चार ओळींनी काय होणार, असं सासरे कुरकुरले. फारसं काही होणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं. त्या ओळींवर अळ्या यायच्या तशा आल्या. येणारे-जाणारे विचारायचे, "काय सूनबाई, पाहुणे जेवले का?" ती दातओठ खाऊन खुरपत राहायची.

एका सकाळी ती शेतावर पोचली तर औषधाचा उग्र वास आला. शेजारचा शेतकरी पंप उतरवून घाम पुसत उभा होता.

"तुमच्याकडं फवारायला माणूस नाही. म्हटलं, एवढ्या ओळी आपणच मारून द्याव्यात. एक किडा ठेवला नाही, वहिनी."

झाडांखाली अळ्या वळवळत पडल्या होत्या. वाईट माणसाशी भांडता येतं. ह्या भल्या माणसाचं काय करायचं? तिला रडू आलं, रागही आला. मग ती बांधावर बसली.

"बसा," ती म्हणाली. "तुम्हाला पटेपर्यंत आज मी इथून उठणार नाही."