सातवा किलो

सीमेपलीकडे स्वीडनमध्ये बेकन आणि चीज स्वस्त मिळतं, म्हणून आमच्या नॉर्वेतल्या गावातले लोक शनिवारी तिकडे खरेदीला जातात. आईही निघाली होती. मी एका पाकिटाच्या मागे लिहिलं: ३५क्ष − ४२०. किलोमागे पस्तीस क्रोनर वाचतात, पेट्रोल आणि टोलला चारशेवीस जातात. क्ष म्हणजे किलो.

"बारा किलो घेतलंस तर बरोबरी होते," मी म्हणाले. "आपल्या फ्रीजरमध्ये सातच मावतात. पावणेदोनशेचा तोटा आहे, आई."

"पाच वर्षं शिकून हे सांगायला आलीस?"

"शेजारच्या ओसेला बरोबर घे. खर्च निम्मा झाला की सहा किलोलाच बरोबरी. सातव्या किलोचे पस्तीस तुझे."

ओसेने न विचारता आमच्या कुंपणाची झुडपं छाटली, तेव्हापासून आई आणि ती बोलत नव्हत्या.

"पस्तीस क्रोनरसाठी तिचं तोंड बघू?"

"मग घरी बस."

घरी बसणं आईला जमत नाही. तिने बूट चढवले आणि शेजारचं दार वाजवलं. मी आमच्या पायरीवरून ऐकत होते.

"स्वीडनला चाललेय," आई म्हणाली. "यायचं तर ये. दोनशेदहा पडतील."

ओसेने आमच्या गाडीकडे पाहिलं. "ती तुझी खटारा गाडी अजून चालते?"

"तुझ्या जिभेइतकी नाही."

ओसेने खुंटीवरचा कोट काढला. "थांब जरा. शेगडी बंद करून येते."