विहिणीच्या भाषेतला एक प्रश्न

मी आरसा बोलतोय; केस कापायच्या एका छोट्या दुकानातला, खुर्चीसमोरचा. माणसं माझ्यात डोकावतात आणि डोकावलोच नाही असं दाखवतात. टक्कल पडू लागलेले तर मान हळूच तिरकी करून अंदाज घेतात. मी सगळं बघतो, बोलत कधी नाही. आज बोलतो.

जन्माचं फारसं आठवत नाही. भट्टीचा लालबुंद उजेड, मग पाठीवर चढलेला गार चंदेरी लेप, आणि डोळे उघडावेत तसं समोर जग. सुताराने चौकट घातली, मालकाने भिंतीवर टांगलं. मालकाला सगळे काका म्हणतात, म्हणून मीही. काकी लवकर गेल्या. लेकीला काकांनीच वाढवलं. शाळा सुटली की ती या खुर्चीत बसून गोल गोल फिरायची, आणि तिचा चेहरा माझ्यातून झुळकेसारखा जायचा, पुन्हा यायचा.

पुढे ती परिचारिका झाली, समुद्रापलीकडे नोकरीला गेली, तिथल्याच एका स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाशी तिने लग्न केलं. आणि एका आजारपणात ती गेली. काकांची प्रवासाची कागदपत्रं हातात पडेपर्यंत सगळं आटोपलं होतं. जावई फोनवर मोडक्यातोडक्या मराठीत एवढंच सांगू शकला, "बाबा, शांत गेली. मी कामावर. आई जवळ होती."

आई म्हणजे काकांची विहीण. शेवटच्या घटकेला लेकीपाशी असलेलं एकच माणूस, आणि तिच्या भाषेतलं काकांना ओ की ठो कळत नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस माझ्यावरून फडकं फिरलं नाही. धुळीआडून दुकान मला स्वप्नातल्यासारखं दिसायचं. मग एके दिवशी निरोप आला, की जावई पुढल्या वर्षी आईला घेऊन येतोय. काकांनी त्याच दुपारी मला लख्ख पुसलं.

दाढी करायला येणारा एक म्हातारा आचारी जहाजावर स्पॅनिश खलाशांत राहिलेला होता. स्पॅनिश शिकायला काकांनी त्याला गाठलं.

"अहो, फोन करतो की हल्ली भाषांतर!" तो म्हणाला.

"माझ्या लेकीचं शेवटचं बोलणं यंत्राच्या तोंडून नको ऐकायला."

आचारी म्हणाला, "बरं. व्याकरणाचं नंतर बघू. आधी कान तयार करा, जीभ सैल सोडा. आणि लाजलात की संपलं!"

दुसऱ्या दिवशी दुकानभर चिठ्ठ्या लागल्या. खुर्चीवर 'सिया', नळावर 'आग्वा', टॉवेलच्या खुंटीवर 'तोआया'. माझ्या कपाळावर 'एस्पेखो'. इतक्या वर्षांनी मला दुसरं नाव मिळालं, पाण्यावरून तरंगत आल्यासारखं हलकं. सकाळी काका फोनवर एखादं संथ गाणं लावत आणि गायकाच्या मागोमाग पुटपुटत. केर काढता काढता स्वतःलाच सांगत, "मी केर काढतो," तेही स्पॅनिशमध्ये. दाढीच्या गरम पाण्याची वाफ माझ्यावर धरली की बोटाने त्यात कालचे शब्द आठवून लिहीत. अक्षरं ओघळून जात. काका पुन्हा लिहीत.

आचारी खुर्चीत बसला की मराठी बंद. एकदा काकांनी ऐटीत विचारलं, "पेर्रो कापू?" केसांना म्हणतात 'पेलो', 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. आचारी साबण फासलेल्या तोंडाने भुंकलाच! काकाही पोट धरून हसले. लेक गेल्यापासून ते हसणं मी पहिल्यांदा पाहिलं.

मग विहीणबाई आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या. जावई बॅगा घेऊन दाराशीच थांबला.

"या, कोन्सुएग्रा," काका स्पॅनिशमध्ये म्हणाले. हो, विहिणीला त्या भाषेतही खास शब्द आहे! बाईंचे डोळे विस्फारले आणि बोलण्याचा लोंढाच सुटला. काका त्यात गटांगळ्या खाऊ लागले.

"मास देस्पासियो," ते कसेबसे म्हणाले. जरा हळू.

बाई खुर्चीत बसल्या. काका मागे उभे राहिले. अवघड गोष्टी माणसं एकमेकांच्या तोंडावर बोलत नाहीत, माझ्यात बघून बोलतात. काकांनीही माझ्यात बघून विचारलं, "के दिखो मी इखा?" माझी मुलगी काय म्हणाली?

बाई लहान मुलाशी बोलावं तसं, एकेक शब्द वेचून सांगू लागल्या. "ती म्हणाली, केस विंचरा. मी विंचरले. तिला दुखलं. ती हसली. म्हणाली, माझे बाबा ओढत नाहीत."

शेवटचा एकच शब्द काकांना अडला. बाईंनी स्वतःच्या केसांची बट धरून हलकेच ओढून दाखवली. आणि काकांना कळलं. सगळं कळलं. कुणीही मध्ये नव्हतं. ते खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून रडले, आणि बाईंनी मागे न वळता हात वर करून त्यांचे केस कुरवाळले.

आता माझ्या कडांचा लेप उडालाय. नजर अंधूक झालीय. पण दर रविवारी फोन मला टेकवून ठेवलेला असतो, पलीकडे विहीणबाई असतात. त्यांना सुनेचं बालपण ऐकायचंय, म्हणून काका भूतकाळाची रूपं घोकतात, आणि रोज चुकतात.

परवा गाडी एका शब्दावर अडली. लेक लहानपणी रुसायची कशी, ते सांगायचं होतं. रागावणं सापडलं, दुःखी होणं सापडलं, रुसणं काही सापडेना. शेवटी काकांनी ओठ पुढे काढले, हाताची घडी घातली, पाठ फिरवली, आणि कुणी समजूत काढायला येतंय का, ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. विहीणबाई हसता हसता डोळे पुसू लागल्या.

तुम्हांला ठाऊक असेल तो शब्द, तर दुकानात येऊन सांगा. चुकीचा असला तरी चालेल.